बॉडीला अर्थ नाही

मास्तर परीक्षा पास झाले तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल, तर तो त्यांच्या सुनेला. आणि आठवडा उलटायच्या आत त्यांना किल्ली द्यायला नकार दिला तोही तिनंच. घरातल्यांच्या मते ह्या दोन गोष्टी एकाच माणसाच्या असू शकत नाहीत. तेव्हा पहिली खोटी होती असं ठरवून सगळे मोकळे झाले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. मोटारींच्या वायरिंगचं काम करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि आसपासच्या गॅरेजांत जेवढे म्हणून इलेक्ट्रिशियन होते, त्यांतले निम्मे कधी ना कधी त्यांच्या हाताखाली शिव्या खाऊन गेले होते. म्हणून मास्तर. शिकवायची पद्धत एकच. शिकणाऱ्यानं बॉनेट उघडून तारांच्या गुंत्यात डोकं घातलं की मास्तर मागून ओरडायचे, "आधी अर्थ बघ! अर्थ लागला की सगळं लागतं!"

ह्यात तत्त्वज्ञान काही नव्हतं. साध्या गाडीत बॅटरीची मायनस बाजू गाडीच्या पत्र्याला, म्हणजे बॉडीला, जोडलेली असते. दिवा असो नाहीतर हॉर्न, करंट तारेनं जातो आणि बॉडीतून परत येतो. ह्या बॉडीलाच वायरिंगवाले 'अर्थ' म्हणतात. मीटरची काळी पिन बॉडीला टेकवायची, लाल पिन हवी तिथे लावायची, की गाडी आपली दुखणी सांगायला लागते. मास्तरांची काळी पिन बॉडीला जायची ती न बघता. बोलता बोलता, चहा पिता पिता, गिऱ्हाइकाला झापता झापता. त्यांच्या डाव्या हाताला पत्रा आपोआप सापडायचा.

सूनही त्याच शाळेतली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडे डिप्लोमा होता आणि हातांची बोटं स्वच्छ होती. सासूबाईंचं म्हणणं पडलं की सुनेनं ग्रीसमध्ये हात घातले तर लोक काय म्हणतील. लोकांनी काय म्हणायचं ते मास्तरांनी ठरवलं. एका ट्रकमालकाच्या देखत त्यांनी तिच्या हातात मीटर दिला आणि म्हणाले, "ही बघेल. हिला नाही जमलं तर मग मी आहेच." ट्रकमालकाचा चेहरा पडला, पण ट्रक सुरू झाला. तेव्हापासून गिऱ्हाइकंसुद्धा तिला सूनबाई म्हणू लागली. एकंदरीत ती अख्ख्या रस्त्याची सून झाली. तिचा नवरा, म्हणजे मास्तरांचा एकुलता एक मुलगा, काउंटर सांभाळायचा. त्याला करंटची एवढी धास्ती की घरातला बल्ब बदलायचा तरी आधी बायकोला हाक मारायचा. मास्तर म्हणायचे, "देवानं पार्सलं बदलली. ही माझी, आणि तो तिच्या बापाचा."

मग हायब्रिड गाड्या आल्या. त्यांच्यामागून पूर्ण विजेवरच्या आल्या. टॅक्सीवाल्यांनी भराभर घेतल्या, आणि पाठोपाठ नियम आला: ज्याच्याकडे हाय व्होल्टेजची पात्रता नाही, त्यानं ह्या गाड्यांच्या नारिंगी तारांना हात लावायचा नाही. शिवाय जिथे असं काम चालतं तिथे एक माणूस जबाबदार असला पाहिजे. कुणाला काम करू द्यायचं आणि कुणाला नाही, ते तो ठरवणार. नुसतं परीक्षा पास होऊन भागत नाही, त्या माणसाची परवानगीही लागते.

"व्होल्ट म्हणजे व्होल्ट," मास्तर म्हणाले. "बारा काय नि चारशे काय. जरा जोरात बसेल, एवढंच." स्वतः कोर्सला जाणं त्यांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी सुनेला पाठवलं. ती शिकून, परीक्षा देऊन आली आणि गॅरेजची जबाबदार व्यक्ती होऊन बसली.

गॅरेजच्या आतल्या बाजूला पिवळी साखळी लागली. साखळीच्या आत जाड रबरी चटई, भिंतीवर रबरी हातमोजे, आणि एक लांब दांड्याचा आकडा. एखाद्याला शॉक बसून तो चिकटला तर त्याला लांबून ओढायचा तो आकडा. पाहुणे आले की नवरा तो हौसेनं दाखवायचा, पण साखळीबाहेरूनच. आणि साखळीबाहेर आणखी एक जण होते. मास्तर. स्वतःच्या गॅरेजात, स्वतःच्या स्टुलावर, स्वतःच्या सुनेकडे बघत बसलेले.

सुरुवातीला त्यांनी चेष्टेवारी नेलं. "आत येऊ का हो, मॅडम?" असं विचारायचे. पण जुन्या गाड्या कमी होत गेल्या तशी चेष्टाही कमी झाली. कधी एखादी खटारा टॅक्सी यायची, तेवढ्यापुरते उठायचे. बाकी वेळ पकडीला तेल दे, स्क्रूड्रायव्हर पुसून पुन्हा ठेव, असली कामं. सुनेला ते बघवत नसे. आपल्याला ज्यांनी आत घेतलं, त्यांनाच आपण बाहेर बसवलंय, असं तिला रोज वाटायचं. रोज वाटणाऱ्या गोष्टीची सवय होते म्हणतात, तिला काही झाली नाही.

मग एके दिवशी मास्तरांनी मुकाट्यानं कोर्सचा अर्ज भरला. चष्मा लावून पाठांतराला बसले. स्वयंपाकघरात सासूबाईंना भाजी चिरता चिरता हाय व्होल्टेजचे धोके ऐकावे लागले. कितीचा करंट छातीतून गेला तर काय होतं, हे त्यांना मास्तरांच्या आधी पाठ झालं. मास्तर पास झाले, तेही चांगल्या मार्कांनी. सासूबाईंनी गोड केलं. मुलानं नवं कोरं लाल कुलूप आणलं आणि त्यावर पांढऱ्या रंगानं, जीभ दाताखाली धरून, 'मास्तर' असं लिहिलं.

हे कुलूप फार महत्त्वाचं. गाडीच्या मोठ्या बॅटरीपासून बाकीची गाडी तोडायला एक खटका काढून घेतात, आणि तो कुणी परत बसवू नये म्हणून त्या जागी कुलूप घालतात. काम करणाऱ्यानं आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. ज्याचा जीव, त्याची किल्ली. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याचं साखळीच्या आत काही काम नाही. मास्तरांचं कुलूप आलं, किल्ली मात्र सुनेच्या खिशात होती. एक गाडी त्यांनी तिच्यासमोर करून दाखवायची, की किल्ली त्यांची. तिच्या दृष्टीनं हा केवळ उपचार होता. तिनं मनातल्या मनात साखळीच्या आत त्यांच्या स्टुलाची जागासुद्धा ठरवून टाकली होती.

गाडी होती एका टॅक्सीवाल्याची हायब्रिड. मास्तर तयार होऊन आले. रबरी हातमोजे फुगवून, कानाशी धरून, कुठे भोक नाही ना ते त्यांनी बघितलं. वर चामड्याचे मोजे चढवले. गाडीची चावी लांब ठेवली, छोटी बॅटरी सोडवली, खटका काढला, आपल्या नावाचं कुलूप घातलं. आत साठलेला करंट ओसरेपर्यंत थांबायचं असतं, तेवढे थांबले, आणि तेही काही न बोलता, जे त्यांच्यासाठी जास्त अवघड होतं. टेस्टर आधी चालू आहे की नाही ते दुसरीकडे लावून तपासलं. सून आकडा धरून बाजूला उभी होती. साखळीबाहेर नवरा, आणि दारात पदर खोचून सासूबाई. लग्नात नव्हती एवढी शांतता.

मास्तरांनी लाल पिन पहिल्या नारिंगी तारेच्या टोकाला लावली. आणि काळी पिन बॉडीला.

"शून्य," ते म्हणाले. लाल पिन दुसऱ्या तारेच्या टोकाला. काळी तिथेच. "शून्य. मेली गाडी. चला, सुरू करू."

सुनेला आधी वाटलं, आपलंच लक्ष नव्हतं. मग तिला कळलं की आपलं लक्ष अगदी नीट होतं.

"बाबा, थांबा. तारेपासून तारेला नाही बघितलंत."

"दोन्ही बघितल्या की."

"दोन्ही बॉडीला बघितल्या. एकमेकींना नाही."

"अगं, ही शून्य, ती शून्य. मग दोघींच्या मध्ये काय असणार? शून्यातून शून्य गेलं तर किती?"

ऐकायला बिनतोड होतं. नवऱ्यानं मानसुद्धा डोलावली. पण ह्या गाड्यांची गोम इथेच आहे. ह्यांच्या चारशे व्होल्टच्या दोन्ही तारा बॉडीपासून मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात. बॉडीचा त्या व्यवहाराशी काही संबंध नसतो. तारांमध्ये माणूस मारण्याइतका करंट जिवंत असला, तरी बॉडीला धरून मोजलं तर टेस्टर शून्य दाखवू शकतो. म्हणून तारेपासून तारेला आधी मोजायचं. बॉडीला मोजतात ते नंतर, आणि वेगळ्या कारणासाठी.

"बाबा, ह्या गाडीत बॉडीला अर्थ नाही," सून म्हणाली. "नवरा-बायकोचं भांडण आहे की नाही, ते शेजाऱ्याला विचारून कसं कळणार? तो म्हणेल, काही नाही, सगळं शांत आहे."

"शेजाऱ्यालाच आधी कळतं," मास्तर म्हणाले, आणि साखळीबाहेर दोघं हसली.

सून हसली नाही. तिनं स्वतःचे मोजे घातले, टेस्टर घेतला आणि दोन्ही पिना दोन तारांना लावल्या. शून्य. खटका काढलेलाच होता, दुसरं काय येणार?

"आलं ना?" मास्तर म्हणाले. "माझं शून्य आणि तुझं शून्य, फरक सांग बघू."

फरक तिला सांगता येत होता. दाखवता येत नव्हता, हीच पंचाईत. गाडी मेलेलीच होती. तिनं मास्तरांना खोटं पाडावं असं काहीच घडलं नव्हतं, आणि घडायची वाट बघणं म्हणजे तो भिंतीवरचा आकडा वापरायची वाट बघणं. कोर्समध्ये हे कसं निसटलं, तेही तिच्या लक्षात आलं. तिथे सराव लाकडी फळीवर होता. फळीला दोन पितळी टोकं, टेस्टरला दोन पिना. चुकायला जागाच नव्हती, कारण टेकवायला बॉडीच नव्हती.

"किल्ली आज नाही देता येणार, बाबा," ती म्हणाली.

मास्तरांनी मोजे काढले, एकात एक नीट घालून खुंटीला लावले आणि साखळी उचलून बाहेर गेले. साखळी त्यांनी परत अडकवलीसुद्धा. त्यांनी ती आदळली असती तर सुनेला बरं वाटलं असतं.

घरात मग जे व्हायचं ते झालं. घर गॅरेजच्या मागेच, त्यामुळे भांडणाला जायला-यायला वेळ लागत नसे. "ज्यांनी तुझा हात धरून शिकवलं, त्यांचेच हात बांधतेस?" सासूबाईंनी विचारलं. उत्तर त्यांना नको होतं. त्यांनी बोलणं टाकलं, म्हणजे सुनेशी टाकलं. सुनेला ऐकू जाईल असं भांड्यांशी मात्र पुष्कळ बोलत. "आपण कोण सांगणार? आपण अडाणी. आपल्याकडे कुठे किल्ल्या आहेत?" वगैरे. नवऱ्यानं मध्यममार्ग काढला. तो त्याचा आवडता मार्ग.

"अगं, देऊन टाक ना. तू असतेसच की बाजूला. तू लक्ष ठेव."

"मी नसेन त्या दिवशी?"

"त्या दिवशी ते काम नाही करणार."

"किल्ली असल्यावर? तुझे बाबा?"

आपल्या बापाला तो ओळखून होता.

खरं सांगायचं तर तिनंही तो विचार करून बघितला होता. द्यावी किल्ली, राहावं डोळ्यांत तेल घालून. घर पुन्हा हसतं-बोलतं होईल. मास्तर साखळीच्या आत येतील, शिव्या घालतील, गॅरेज गॅरेजसारखं वाटेल. पण ती हा विचार करायला लागली की तिला तो डावा हात दिसायचा. न बघता पत्रा शोधणारा. तिला त्या हाताची भीती वाटायची, आणि त्याच हातानं आपल्याला मीटर दिला हेही आठवायचं, आणि मग रडू यायचं. ती गाड्यांखाली जाऊन रडायची. तिथे डोळे पुसले तरी लोक समजतात, धूळ गेली.

मास्तर मात्र वेगळ्याच नादाला लागले होते. स्टुलावर बसून त्यांनी एक जुना टेस्टर मांडीवर घेतला होता, आणि दोन खिळे ठोकलेल्या फळकुटावर पिना टेकवत राहायचे. खिळ्यापासून खिळ्याला. मग एका खिळ्यापासून शेजारी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्याला. मग दुसऱ्या खिळ्यापासून डब्याला. ओठ हलत असायचे. सून जवळून गेली की फळकूट पायाखाली जायचं. तिनंही कधी बघितल्याचं दाखवलं नाही.

शेवटी एका सकाळी ते साखळीपाशी येऊन उभे राहिले. "घे परीक्षा," म्हणाले. "आणि कडक घे. माझी सून म्हणून सवलत नको." कोण कुणाची परीक्षा घेतंय ह्याचा गोंधळ त्यांच्या वाक्यात झाला होता, पण सुनेनं दुरुस्त केला नाही.

आत एक हायब्रिड उभीच होती, बॅटरीचा पंखा धुळीनं तुंबलेली. मास्तरांनी सगळं पहिल्यापासून केलं. मोजे, चावी, छोटी बॅटरी, खटका, कुलूप, थांबणं. टेस्टर तपासला. मग लाल पिन एका तारेला, काळी दुसऱ्या तारेला. "तार ते तार, शून्य," ते मोठ्यानं म्हणाले. मग पहिली तार बॉडीला. "शून्य." मग दुसरी. "शून्य." मग टेस्टर पुन्हा तपासला, तो मध्येच मेला नव्हता ह्याची खात्री करायला. एकही पायरी गळली नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर, पास झालेल्या विद्यार्थ्याच्या असतो तसा, आनंद न दाखवण्याचा प्रयत्न.

सुनेनं एक मोजा काढला, खिशातून किल्ली काढली आणि तळहातावर धरली. इतक्या दिवसांनी तिला मोकळा श्वास आला.

"मास्तर!" रस्त्यावरून हाक आली. जुनी, साधी टॅक्सी घेऊन एक म्हातारा टॅक्सीवाला शटरपाशी उभा होता. तो मास्तरांशिवाय कुणाला गाडीला हात लावू द्यायचा नाही. "हेडलाइट लुकलुकतायत बघा! रस्त्यात लोकांना वाटतंय मी डोळे मारतोय!"

"वय बघा आपलं!" मास्तर मान वळवून ओरडले. "कधीपासून करताय हे?"

"कालपासून!"

"खड्ड्यात गेल्यावर जास्त होतं का?"

"हो, हो!"

मध्ये काही व्यत्यय आला तर तारांना हात घालण्यापूर्वी पुन्हा एकदा मोजायचं, असा नियम आहे. मास्तरांना तो पाठ होता. टॅक्सीवाल्याकडे बघत, "अर्थ सैल झालाय तुमचा, दुसरं काही नाही," असं सांगत त्यांनी टेस्टर उचलला. लाल पिन तारेला लावली. डावा हात आपला आपण गेला, आणि काळी पिन पत्र्यावर टेकली.

"शून्य," मास्तर म्हणाले.

टॅक्सीवाल्याला त्यातलं काही कळणार नव्हतं. नवरा काउंटरवर फोनवर बोलत होता. बघितलं फक्त सुनेनं. आणि मग, तिच्या चेहऱ्याकडे बघून, मास्तरांनी आपल्या हाताकडे बघितलं. ते बराच वेळ बघत राहिले. कुणा दुसऱ्याचा हात आपल्या बाहीतून बाहेर आलेला दिसावा, तसं.

"बाबा," सून म्हणाली.

"दिसलं मला."

त्यांनी टेस्टर खाली ठेवला. बाहेरचे चामड्याचे मोजे काढले, आतले रबरी काढले. हात घामानं पांढरे पडले होते.

"अजून सराव करू," सून घाईघाईनं म्हणाली. "महिन्याभरानं परत बघू. घाई कुठे आहे?"

"आणि महिन्याभरानं परत कुणी हाक मारली तर?"

तिनं तळहातावरच्या किल्लीकडे बघितलं.

"डोक्यात शिरलंय गं सगळं," मास्तर म्हणाले. "हाताला कोण शिकवणार? हाताला मीच शिकवलंय ना." त्यांनी तिच्या तळहातावरच्या किल्लीवर तिचीच बोटं मिटवली. "राहू दे तुझ्याकडे. आणि घरी सांग, तू दिली नाहीस."

"मी?"

"तूच. मी नको म्हणालो असं कळलं, तर उद्या रस्ताभर होईल की मास्तरांचा हात गेला. तू नाही म्हणालीस तर लोक म्हणतील, सून खमकी आहे. खमकी तर तू आहेसच. तुझं काय जातंय?"

तिचं बरंच काही जात होतं. सासूबाईंचा अबोला जात नव्हता, तो मुक्कामाला राहणार होता. नवऱ्याच्या नजरेतला तो 'काय बिघडलं असतं' आता जन्मभर पुरणार होता. हे सगळं मास्तरांना कळत होतं की नाही, ते त्यांच्या तोंडावरून सांगता येत नव्हतं. ते तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या मुठीकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिच्याकडे काहीतरी मागत होते.

"बरं," ती म्हणाली.

मास्तर साखळी ओलांडून टॅक्सीकडे गेले. जाता जाता त्यांचा आवाज मोठा झाला, नेहमीसारखा. "काय हो, डोळे कुणाला मारत होतात, सांगा तरी!"

दुपारी जेवायला सगळे एकत्र बसले. सकाळी मास्तर साखळीच्या आत गेले होते, एवढं सासूबाईंनी दारातून पाहिलं होतं. त्यांनी ताटं मांडली, पाणी ठेवलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सुनेशी सरळ बोलल्या. आवाजात आशा होती, तीच ऐकवत नव्हती.

"आज तरी दिलीस?"

सुनेनं मास्तरांकडे बघितलं नाही. "नाही दिली," ती म्हणाली.

"का? आता काय चुकलं त्यांचं?"

"मला वाटलं, नको."

"तुला वाटलं." सासूबाईंच्या हातातला डाव थांबला. "बघ रे, हिला वाटलं. हे म्हातारपणी रात्रंदिवस घोकत बसले, हात दुखेपर्यंत त्या खिळ्यांवर टोचत बसले, आणि हिला वाटलं, नको. दगड आहे गं तुझ्या छातीत, दगड."

"जरा जास्तच होतंय हं तुझं," नवरा बायकोला म्हणाला. त्याचा मध्यममार्ग संपला होता.

सून खाली मान घालून बसली. तिला राग आला, चांगला सणसणीत राग आला, आणि तो कुणाचा, तेही तिला नक्की ठाऊक होतं. एक शब्द. ते एक शब्द बोलले असते तर सगळं मिटलं असतं. ते बोलणार नाहीत हे तिनं सकाळीच कबूल केलं होतं, तरी ती वाट बघत राहिली.

सासूबाई धुसफुसत त्यांच्या ताटाकडे वळल्या, डाव भरून पुढे आणला. मास्तरांनी ताटावर हात आडवा धरला.

"आधी तिला वाढ," ते म्हणाले.